चार किलोमीटर म्हणजे किती तास? सातपुड्यातल्या एका दिवसाच्या चालण्याचं गणित

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की इंदूरच्या मराठी घरांमध्ये पचमढीचे बेत सुरू होतात. रात्रीच्या जबलपूर गाडीनं पिपरियाला उतरायचं, तिथून घाटानं पन्नासेक किलोमीटर, दोन-तीन मुक्काम आणि परत. बेत ठरताना एक प्रश्न हमखास येतो: "चालायचं किती आहे?" कुणीतरी सांगतं, एका बाजूनं दोन किलोमीटर, फार तर चार. त्यावर घरातले काका म्हणतात, "एवढं तर मी रीजनल पार्कात रोज सकाळी चालतो."

काका खरंच चालतात, त्यात शंका नाही. पण डोंगरात अंतर दोन दिशांनी मोजावं लागतं, आडवं आणि उभं. किलोमीटरचा आकडा फक्त आडवं अंतर सांगतो. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच असलं तरी ते पठार आहे. राजवाड्यापासून पलासियापर्यंत गेलात तरी पायाला चढ जाणवत नाही. म्हणून सपाटीवरचा हिशेब आपण नकळत डोंगराला लावतो, आणि दुपारी तीन वाजता कुणीतरी अर्ध्या चढावर दगडावर बसून राहतं. डोंगरातल्या चालण्याबद्दल विचारायचं असेल तर "किती किलोमीटर" याच्याऐवजी "किती तास, आणि त्यात चढ किती" असं विचारावं. पुढचं सगळं त्या एका प्रश्नाचं उत्तर काढण्यासाठी आहे.

स्कॉटलंडमधले गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली एक साधा हिशेब मांडला, तो आजही जगभर वापरला जातो. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर चढण्याच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. म्हणजे शंभर मीटर चढ आला की दहा मिनिटं वाढवायची. समजा, वाट एका बाजूनं चार किलोमीटर आहे आणि चढ चारशे मीटर. चार किलोमीटरची अठ्ठेचाळीस मिनिटं, चढाची चाळीस, जाताना झाली अठ्ठ्याऐंशी. येताना उतार म्हणून नुसती अठ्ठेचाळीस धरू. एकूण सव्वादोन तास.

पण नेस्मिथ यांनी हा हिशेब सरावलेल्या, काटक माणसाला धरून केला होता. त्यात थांबणं नाही, फोटो नाहीत, पाण्याची बाटली उघडणं नाही, बुटाची नाडी सुटणं नाही. आपल्याबरोबर आई असते, आठ वर्षांचा मुलगा असतो, वर्षभर खुर्चीत बसून काम केलेला भाऊ असतो. म्हणून मी त्या उत्तराला सरळ दीडनं गुणते. सव्वादोनचे झाले जवळपास साडेतीन तास. वर पोचल्यावर पाऊण तास बसणं, खाणं. सव्वाचार तास झाले. रीजनल पार्कच्या वेगानं हेच आठ किलोमीटर दीड-पावणेदोन तासांत उरकले असते. गटाचा वेग नेहमी त्यातल्या सर्वांत हळू माणसाचा असतो, सरासरी काढून उपयोग नाही.

चारशे मीटर चढ म्हणजे नेमकं काय हेही समजून घ्यायला हवं. एक मजला तीन मीटरचा धरला तर ते एकशे तीस मजल्यांचे जिने होतात. सत्तर किलोचा माणूस तेवढा वर न्यायला शरीराला अंदाजे अडीचशे कॅलरी जाळाव्या लागतात, आणि त्यातली जेमतेम पाव ऊर्जा प्रत्यक्ष वर नेण्याच्या कामी येते. बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायला घाम येतो, घामाबरोबर पाणी आणि मीठ जातं. म्हणूनच थंडीच्या दिवसांतही चढावर पाठ भिजते आणि थांबलं की हुडहुडी भरते. तासाला अर्धा लिटर पाणी प्रत्येकाचं वेगळं धरा, सहाजणांत दोन बाटल्या असं नाही. दशम्या, चिवडा, गूळ-शेंगदाणे, शेव, जे खारट-गोड घरातून बांधून नेता येईल ते पाण्याइतकंच गरजेचं आहे.

आता पचमढीची खास गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सह्याद्रीतल्या किल्ल्यावर आपण आधी चढतो आणि मग उतरतो. पचमढीत बऱ्याच वाटा उलट्या आहेत. हे गाव साधारण अकराशे मीटर उंचीच्या पठारावर वसलेलं आहे. खालचा दगड वालुकाश्म, गोंडवन काळातला, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. पाण्यानं तो कापत कापत पठाराच्या कडांना खोल घळी पाडल्या आहेत, आणि धबधबे त्या कडांवरून खाली पडतात. त्यामुळे हॉटेल वर आणि पाणी खाली. बी फॉल असो की डचेस फॉल, जाताना उतरायचं आणि दमलेल्या पायांनी दुपारच्या उन्हात वर यायचं. उतरताना सगळे हसत-खिदळत असतात. ती उधारी असते, आणि वसुली परतीच्या वाटेवर होते. अशा वाटेला एक नियम पक्का ठेवा: उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दीडपट ते दुप्पट वेळ वर यायला राखून ठेवायचा. खाली पोचल्यावर आजी म्हणाल्या, "अजून थोडं पुढं जाऊ या," तर त्या थोड्याचीही दुप्पट मोजायची.

उतारालाही स्वतःची किंमत आहे. खाली पाय टाकताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आखडून शरीराचं वजन धरून ठेवतात. स्नायूंना हे काम सर्वांत जड जातं, त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. म्हणून दुखणं त्या दिवशी येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं, जिना उतरताना मांड्या धरतात. यावर उपाय लहान पावलांचा. मोठी उडीवजा पायरी घेण्यापेक्षा दोन छोट्या पायऱ्या करा, गुडघा थोडा वाकलेला ठेवा, साठीच्या पुढच्यांनी हातात काठी घ्या.

पायाखालच्या दगडाकडेही बघा. आपण माळव्यातले लोक काळ्या पाषाणाला सरावलेलो. जानापावला किंवा पातालपाणीला पाय ठेवला की तो धरून राहतो. वालुकाश्म वेगळा वागतो. उन्हापावसानं त्याचे कण सुटतात आणि उतरत्या कातळावर बारीक रेतीचा थर साचतो. दिसायला कातळ कोरडा आणि खडबडीत असतो, पण बूट ठेवला की कण तळव्याखाली गडगडतात आणि पाय पुढं सटकतो. अशा ठिकाणी टाच रोवून उपयोग होत नाही. पूर्ण तळवा सपाट टेकवायचा, किंवा कातळाच्या कडेला मुळं आणि दगड असतील तिथून जायचं. धबधब्याजवळ याच दगडावर शेवाळ असतं. तिथे हिरवट-काळा, चकचकणारा भाग दिसला की त्यावर पाय ठेवायचाच नाही, बूट कितीही महागाचा असो.

चालायचं कसं हे शिकायचं असेल तर चौरागढची वाट बघावी. महादेवाच्या गुहेपासून वर मंदिरापर्यंत जाणारी ही वाट पायऱ्यांची आहे, पायऱ्याच तेराशेच्या घरात. महाशिवरात्रीला इथे विदर्भातून मराठी भाविकांची रीघ लागते. नवस फेडायला ते महादेवाला त्रिशूळ वाहतात, आणि ते त्रिशूळ खांद्यावरून पायी वर नेतात. माथ्यावर त्रिशूळांचे ढीग आहेत. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची यात्रा असते, तेव्हा तर राखीव जंगलातली एरवी बंद असलेली वाट त्या थोड्या दिवसांपुरती उघडते, आणि छिंदवाडा, अमरावती, नागपूरकडची माणसं पावसात भिजत त्या वाटेनं जातात.

या भाविकांच्या पायांकडे लक्ष देऊन पाहा. त्यातल्या कित्येकांच्या पायांत साध्या चपला असतात. खांद्यावर लोखंड असतं. पण कुणी धावत नाही आणि कुणी फारसं बसतही नाही. एक पायरी, पूर्ण तळवा टेकवला, मागचा पाय क्षणभर सरळ झाला, मग पुढची पायरी. आणि सगळा वेळ तोंडानं "हर हर महादेव" किंवा गौरा-पार्वतीचं नमन चालू. व्यायामाचे डॉक्टर चालण्याचा योग्य वेग ओळखायची हीच खूण सांगतात: चढताना वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे. बोलता येत असेल तर स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळतो आहे आणि माणूस तासन्‌तास चालू शकतो. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर वेग जास्त आहे, मग पहिल्या वीस मिनिटांत कितीही पुढं गेलात तरी पुढच्या तासात बसावंच लागणार. आपली तरुण मुलं शर्यत लावून पन्नास पायऱ्या पळतात आणि पाच मिनिटं रेलिंगला टेकतात. त्रिशूळवाले काका तेवढ्यात शांतपणे पुढं निघून जातात.

आता वेळेचं. डिसेंबरात पचमढीला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. पण दरीत आणि दाट झाडीत उजेड त्याच्या तासभर आधीच उतरतो, कारण पश्चिमेचा कडा सूर्याला आधी झाकतो. शिवाय राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतल्या जागा संध्याकाळी बंद होतात. म्हणून हिशेब उलटा करायचा. साडेचारला गाडीपाशी पोचायचं असेल आणि वर यायला दोन तास लागणार असतील, तर अडीचला परत फिरायचं. त्यातून अर्धा तास अडीअडचणीसाठी काढला की दोन वाजले. ही परत फिरायची वेळ निघण्याआधी सगळ्यांसमोर ठरवा आणि दोन वाजता जिथे असाल तिथून फिरा. धबधब्याचा आवाज येत असला तरी. सगळ्यांत अवघड हेच असतं, कारण इतक्या लांब येऊन दहा मिनिटांसाठी परत जायचं कुणाच्याच जिवावर येतं. पण अंधारात, मोबाईलच्या बॅटरीवर, रेती साचलेल्या कातळावरून लहान मुलांना घेऊन येणं ज्यांनी पाहिलं आहे ते या बाबतीत वाद घालत नाहीत.

राष्ट्रीय उद्यानात नियम इतके का, असं बरेच जण विचारतात, आणि चिडतातही. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत फरक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अभयारण्यात काही हक्क, उदाहरणार्थ गुरं चारणं, परवानगीनं चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात तेही नाही. तिथलं लाकूड, फूल, मध, काहीच उचलायचं नाही. सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ साली झालं, आणि शेजारच्या बोरी आणि पचमढी अभयारण्यांसह त्याचा व्याघ्र प्रकल्प बनला. त्यातलं बोरी १८६५ पासून राखीव आहे, देशातल्या सर्वांत जुन्या राखीव जंगलांमध्ये त्याची गणना होते. एवढा काळ जपलं म्हणून तिथे आज रानगवे आहेत, अस्वलं आहेत, बिबट्या आणि वाघ आहेत. साग आणि साल ही दोन्ही झाडं एका परिसरात दिसतात. आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू तिथे फांद्यांवरून उड्या मारताना दिसतो, तेव्हा तर फार बरं वाटतं.

देशातल्या बहुतेक व्याघ्र प्रकल्पांत माणसाला गाडीतून उतरताच येत नाही. सातपुड्यात ठरलेल्या भागात, वाटाड्याबरोबर, पायी फिरू देतात. ही मोकळीक दुर्मीळ आहे, आणि ती आपल्या वागण्यावर टिकून आहे. परवाने, वेळा, बंद दिवस आणि जिप्सी गाड्यांचे नियम मोसमानुसार बदलतात, त्यामुळे आदल्या संध्याकाळी बायसन लॉजपाशी चौकशी करून ठेवावी. १८६२ साली कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी बांधलेली ही इमारत तशीही बघण्यासारखी आहे.

वाटाड्याची गरज वाट चुकू नये एवढ्यापुरती नसते. अस्वलाला नीट दिसत नाही आणि खाण्यात गुंग असलं की ऐकूही उशिरा येतं. माणूस अचानक समोर आला की ते घाबरून हल्ला करतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं रात्री गळतात आणि पहाटे अस्वलं ती वेचायला येतात. त्या दिवसांत भल्या सकाळी मोहाखालून जायचं की नाही, हे वाटाड्यालाच कळतं. एरवी नेहमीच्या आवाजात बोलत चालणं पुरेसं असतं, म्हणजे प्राणी आधीच बाजूला होतो. गाणी लावलेला स्पीकर मात्र नको.

मला जास्त काळजी वाटते ती आग्या मोहोळाची. कड्यांना त्यांची मोठमोठी पोळी लटकलेली असतात, काळपट, अर्ध्या चंद्रासारखी. धूर, सिगारेट, उग्र अत्तर, दगड मारणं यांनी ती चवताळतात. माश्या अंगावर आल्याच तर हात झाडत उभं राहू नका. डोकं आणि तोंड ओढणीनं, टॉवेलनं झाकून आल्या वाटेनं लांब जा, शक्यतो झाडीतून. पाण्यात उडी मारून उपयोग होत नाही, माश्या वर घिरट्या घालत राहतात. बऱ्याच जागी चावल्या असतील किंवा श्वास जड वाटला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा.

पावसाळ्यात पचमढी सर्वांत देखणी असते, आणि सर्वांत धोक्याचीही. दुपारपर्यंत जमीन तापते, गरम दमट हवा डोंगराला धडकून वर जाते, थंड होते आणि ढग उभे राहतात. म्हणून गडगडाट बहुधा दुपारनंतर होतो आणि म्हणून सकाळी लवकर निघावं. वीज पडून होणाऱ्या मृत्यूंमध्ये मध्य प्रदेश देशात वरच्या राज्यांत आहे, हे आपण इंदूरकरांनी विसरता कामा नये. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर माथा, कडा आणि एकटं झाड सोडा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पचमढीत कातळाच्या कपारी जागोजागी आहेत, तिथे शिरावंसं वाटतं. पण उथळ कपारीच्या तोंडाशी विजेचा प्रवाह छत आणि जमीन यांच्यात उडी घेऊ शकतो, ती जागा सुरक्षित नाही. कुंडात उतरलेले असाल आणि पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज बदलला, तर डोक्यावर ऊन असलं तरी बाहेर पडा. वर कुठंतरी पाऊस झालेला असतो.

पचमढीच्या उंचीवर हवा विरळ असल्याचा त्रास होत नाही. पण इंदूरहून बरीच मंडळी ऑगस्टमध्ये उत्तराखंडात व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जातात, तिथे या हिशेबात एक रकाना वाढतो. १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आणि २००५ पासून जागतिक वारसा असलेल्या या खोऱ्यात रात्री राहता येत नाही. मुक्काम तीन हजार मीटरवरच्या घांगरियाला, सकाळी आत जायचं, संध्याकाळच्या आत परत. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण सत्तर टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू साधारण तीस टक्के कमी. अडीच हजार मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं सुरू होऊ शकतं, आणि तरुण-तंदुरुस्त माणसालाही ते सोडत नाही. तिथे नेस्मिथच्या उत्तराला दीडऐवजी दोननं गुणा. शेजारचं हेमकुंड चार हजार मीटरच्या वर आहे, ते घांगरियाला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी करू नये. डोकं दुखत असेल तर वर जायचं नाही, वाढत असेल तर खाली उतरायचं.

सराव इंदुरातच होतो. महिनाभर आधीपासून आठवड्यातून दोनदा रालामंडलची टेकडी किंवा घराच्या इमारतीचे जिने, वर जाताना आणि खाली येतानाही पायीच, लिफ्ट नको. उताराची सवय उतरल्यानंच होते. बूट नवे असतील तर ते याच महिन्यात घालून मऊ करा. पिशवीत पाणी, खाणं, एक कोरडा सुती नसलेला सदरा, टॉर्च, मीठ-साखरेची पुडी आणि घरातल्यांची रोजची औषधं. खाली घळीत फोनला नेटवर्क मिळत नाही, म्हणून कुठे जातो आणि किती वाजता येतो हे हॉटेलात सांगून निघा.

आणि तीन दिवसांचा क्रम असा लावा. पहिल्या दिवशी अप्सरा विहार आणि तिथून रजत प्रपाताच्या दर्शनापर्यंतची छोटी वाट, पाय मोकळे व्हायला. दुसऱ्या दिवशी उजाडताच चौरागढ, आणि संध्याकाळी जिप्सीनं धूपगढ, मध्य प्रदेशातल्या त्या सर्वांत उंच ठिकाणावरून सूर्यास्त बघायला. खोल उताराची वाट, मग ती डचेस फॉलची असो की बी फॉलची, शेवटच्या दिवशी ठेवा आणि सकाळी आठच्या आत निघा. मांड्या दुखायला लागतील तेव्हा तुम्ही पिपरियाहून इंदूरच्या गाडीत बसलेले असाल, आणि पुढचे दोन दिवस जिना फक्त घरचा उतरायचा असेल.